घराण्यातला चष्मा आणि मुलांचे डोळे

मुलाला पहिला चष्मा लागला की घरात लगेच चौकशी सुरू होते: हे कुणाकडून आलं? आईकडच्या मावशीचं नाव निघतं, बाबांकडच्या काकांचं निघतं, आणि कधीकधी त्यातून उगाच कटुताही येते. प्रश्न अगदी योग्य आहे. मात्र तो चष्मा लागल्यावर विचारून फारसा उपयोग होत नाही. मूल शिशुवर्गात असतानाच घरच्यांनी शांतपणे बसून तो विचारला, तर त्या उत्तरावरून पुढच्या दहा वर्षांची काळजी नीट आखता येते. ती कशी आखायची, हे या लेखात सांगायचं आहे.

रावेतमधल्या पालकांसाठी हा विषय अगदी दाराशी आलेला आहे. पवनेच्या काठचं हे गाव १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं. आज शेतांच्या जागी उंच सोसायट्या आहेत. त्यांत हिंजवडीत, तळवड्यात, चाकणला नोकरी करणारी तरुण जोडपी राहतात. शिकण्यासाठी आणि कामासाठी वर्षानुवर्षं पुस्तकात, संगणकात डोळे घातलेली ही पिढी आहे, आणि आई-बाबा दोघांनाही लांबचा चष्मा असलेली घरं इथे सहज सापडतात. त्यांच्या मुलांचे डोळे इतर मुलांपेक्षा थोडे आधी आणि थोडे जास्त वेळा तपासायला हवेत.

नंबर लागतो म्हणजे काय होतं

जन्मतः बाळाच्या डोळ्याची लांबी, समोरून मागच्या पडद्यापर्यंत, साधारण १७ मिलिमीटर असते. मोठेपणी ती २४ मिलिमीटरच्या आसपास जाऊन थांबते. काही मुलांचा डोळा थांबायचा तिथे थांबत नाही, लांबत राहतो. मग लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्यावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. जवळचं स्वच्छ दिसतं, फळ्यावरचं पुसट. यालाच निकटदृष्टिता किंवा लघुदृष्टी म्हणतात, आणि चष्म्याच्या कागदावर तो नंबर उणे चिन्हाने लिहितात. एक मिलिमीटर जादा लांबी म्हणजे सुमारे अडीच ते तीन नंबर.

लांबलेला डोळा पुन्हा आखूड होत नाही. त्याचा पडदा ताणलेला, पातळ राहतो. उणे सहा आणि त्याहून मोठ्या नंबरात पुढच्या आयुष्यात पडदा सुटणं, काचबिंदू आणि पडद्याच्या मध्यभागाची झीज यांचा धोका बराच वाढतो. त्यामुळे प्रयत्न दोन गोष्टींसाठी करायचा असतो: नंबर शक्य तितका उशिरा लागावा आणि लागल्यावर हळू वाढावा. समजा, एका मुलाला सातव्या वर्षी नंबर लागला आणि तो वर्षाला पाऊण नंबराने वाढत गेला. पंधराव्या वर्षी ते मूल सहाच्या पलीकडे असेल. तोच नंबर अकराव्या वर्षी लागला आणि वर्षाला अर्ध्याने वाढला, तर पंधराव्या वर्षी तो अडीचच्या आसपास राहील. चार वर्षांचा हा उशीर जन्मभर उपयोगी पडतो.

घराण्याकडून किती येतं

कॅलिफोर्नियातल्या ओरिंडा गावच्या शाळकरी मुलांचा दीर्घकाळ अभ्यास झाला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका अहवालात आठवीतल्या मुलांची आकडेवारी आहे. आई-बाबांपैकी कुणालाच निकटदृष्टिता नसलेल्या मुलांत ६.३ टक्क्यांना ती होती. एकाला असेल तर १८.२ टक्के, दोघांनाही असेल तर ३२.९ टक्के. म्हणजे जोखीम पाचपट होते. पण हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचायला हवा. आई-बाबा दोघेही चष्मेवाले असूनही त्या वयापर्यंत तिनातल्या दोन मुलांना नंबर नव्हता.

खाण तशी माती, ही म्हण इथे अर्धीच लागू पडते. निकटदृष्टितेशी संबंधित शेकडो जनुकीय जागा आता ठाऊक आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकीचा वाटा लहान आहे. बाकीचं काम मुलाचा दिवस कुठे जातो, यावर ठरतं. सिडनी आणि सिंगापूर इथल्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही शहरांत सुमारे ७० टक्के मुलांच्या आई-बाबांपैकी निदान एकाला निकटदृष्टिता होती, म्हणजे घराण्याचा वारसा जवळपास सारखाच. तरी सिंगापुरात २९.१ टक्के मुलांना नंबर होता, सिडनीत फक्त ३.३ टक्के. सिडनीतली मुलं आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असत, सिंगापुरातली जेमतेम तीन तास.

अलास्काच्या उत्तर टोकावरच्या बॅरो गावातून १९६९ मध्ये आलेला अहवालही असाच आहे. शिकार आणि मासेमारीवर जगलेल्या आजी-आजोबांच्या पिढीत निकटदृष्टिता जवळजवळ नव्हती. शाळेत जाऊ लागलेल्या तरुण पिढीत निम्म्याहून अधिकांना ती होती. दोन पिढ्यांत जनुकं बदलत नाहीत, दिनक्रम बदलतो. रावेत, किवळे, पुनावळे या गावांचा दिनक्रमही एका पिढीतच पालटला आहे. आजोबांना चष्मा नव्हता म्हणून नातू सुरक्षित आहे, असं त्यामुळे मानता येत नाही.

आपल्या देशातही हे दिसू लागलं आहे. दिल्लीतल्या एम्सच्या डॉक्टरांनी ९,८८४ शाळकरी मुलं तपासली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १३.१ टक्के मुलांना निकटदृष्टिता होती. घराण्याचा इतिहास, दिवसाला पाच तासांहून जास्त वाचन-लेखन आणि दोन तासांहून जास्त टीव्ही यांच्याबरोबर जोखीम वाढत होती. दिवसाला दोन तासांहून जास्त बाहेर खेळणाऱ्या मुलांत ती कमी होती. भारतातल्या शहरी मुलांत १९९९ मध्ये सुमारे साडेचार टक्के असलेलं प्रमाण २०१९ पर्यंत २१ टक्क्यांच्या आसपास गेल्याचं हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या संशोधकांचं गणित सांगतं.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आई आणि बाबा या दोघांकडून येणारी जोखीम सारखीच मोजली जाते. सुनेच्या माहेराला बोल लावून किंवा मुलीच्या चष्म्यावरून तिच्या लग्नाची काळजी करून मुलाच्या डोळ्यांचं काहीच भलं होत नाही. उलट अशा बोलण्यामुळे माणसं आपला नंबर लपवतात आणि डॉक्टरांना खरी माहिती मिळत नाही.

घराण्याची नोंद अशी करा

‘घरात कुणाला चष्मा आहे का?’ एवढ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं मिळतं. एक कागद घ्या. आई, बाबा, दोन्हीकडचे आजी-आजोबा, मावशी, आत्या, काका, मामा आणि मुलाची सख्खी भावंडं अशी यादी करा. प्रत्येकापुढे पाच गोष्टी लिहा: लांबचा चष्मा होता का, तो कितव्या वर्षी लागला, सर्वांत मोठा नंबर किती झाला, पडद्याचं ऑपरेशन किंवा लेझर झालं का, काचबिंदू आहे का.

विचारताना हे लक्षात ठेवा:

• चाळिशी यात मोजू नका. चाळिशीनंतर वाचायला लागणारा चष्मा बहुतेकांना लागतो. त्याचा मुलाच्या जोखमीशी संबंध नाही.

• लेझरने नंबर काढलेला असला तरी त्याची नोंद करा. अनेक तरुण आई-बाबा ‘आम्हाला चष्मा नाही’ असं सांगतात, कारण लग्नाआधी त्यांनी लॅसिक करून घेतलेलं असतं. त्या उपचाराने बुबुळाचा आकार बदलतो. डोळ्याची लांबी तीच राहते आणि मुलाकडे जाणारा वारसाही तोच राहतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांचंही असंच.

• मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधीचं विचारा. आत बसवलेल्या भिंगामुळे आजोबांचा जुना नंबर गेलेला असू शकतो. जुना चष्मा किंवा जुनी फाईल मिळाली तर उत्तम.

• ‘आजी सत्तरीतही चष्म्याशिवाय पोथी वाचते’ हे कौतुकाने सांगितलं जातं. कित्येकदा त्यामागे आयुष्यभर न तपासलेला छोटा उणे नंबर असतो, तर कधी वाढता मोतीबिंदू. आजीला लांबच्या एसटीची पाटी दिसायची का, हेही विचारा.

• वय नक्की लिहा. दहाव्या वर्षाच्या आत लागलेला आणि सहाच्या वर गेलेला नंबर कॉलेजात लागलेल्या एक-दीडच्या नंबरापेक्षा जास्त महत्त्वाचा आहे.

• थोरल्या भावंडाला नंबर लागला, तर धाकट्याची तपासणी त्याच आठवड्यात करा.

या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि डॉक्टरांना आपणहून दाखवा. गर्दीच्या ओपीडीत एवढे प्रश्न विचारायला त्यांना वेळ मिळेलच, असं नाही.

कोणत्या वयात कोणती तपासणी

प्रत्येक मुलाचे डोळे तीन-चार वर्षांच्या सुमारास आणि पहिलीत जाण्याआधी एकदा नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत. आई-बाबांपैकी एकालाही लांबचा नंबर असेल, तर त्यानंतर दर वर्षी. मुलाची तक्रार येईपर्यंत थांबू नका. लहान मुलाला पुसट दिसतं हे कळतच नाही, सगळ्यांना असंच दिसतं असं त्याला वाटतं.

तपासणी डोळ्यांत थेंब टाकून करा, असा आग्रह धरा. लहान मुलं डोळ्याचे स्नायू आवळून जवळ बघण्याची ताकद फार लावतात. त्यामुळे नुसत्या मशिनवर उणे नंबर जास्त येऊ शकतो, किंवा नसलेला नंबरही दिसू शकतो. थेंबांनी हे स्नायू सैल पडतात आणि खरा नंबर कळतो. थेंबांनंतर काही तास, कधी एक-दोन दिवस जवळचं पुसट दिसतं आणि उजेड डोळ्यांत खुपतो. म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नका. शनिवार बरा, आणि सोबत टोपी न्या.

तपासणीनंतर डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: थेंब टाकून आलेला आकडा नेमका किती? सहा वर्षांच्या मुलाचा डोळा थोडा अधिक (प्लस) नंबराकडे असणं चांगलं, कारण वाढीसाठी तेवढी शिल्लक त्याच्याकडे असते. या वयात तो आकडा अधिक पाऊणच्या खाली असेल, तर आज चष्म्याची गरज नसूनही पुढे निकटदृष्टिता येण्याची शक्यता वाढते. ‘नंबर शून्य आहे, काळजी नको’ हे उत्तर त्या वयात पुरेसं नाही. सोय असेल तिथे डोळ्याची लांबीही मोजून घ्या आणि प्रत्येक वेळचा आकडा जपून ठेवा.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शासकीय आणि अनुदानित शाळांतल्या मुलांची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी होते. रावेत परिसरातली बरीच मुलं खासगी विनाअनुदानित शाळांत जातात. तिथे ही जबाबदारी पालकांनीच उचलायची आहे. परवडणाऱ्या तपासणीसाठी पिंपरीच्या संत तुकारामनगरमधलं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा औंधचं जिल्हा रुग्णालय इथे नेत्र विभागाच्या वेळा विचारून जाता येईल.

मधल्या काळात घरीही लक्ष ठेवता येतं. औंध-रावेत रस्त्यावरच्या बसथांब्यावर उभं राहून मुलाला एक डोळा झाकून समोरच्या पाट्या वाचायला सांगा, मग दुसरा डोळा झाकून. दोन्ही डोळ्यांत फरक पडला तर लगेच तपासणी करा. एक डोळा अधू असला तरी दुसरा भागवून नेतो, आणि त्यामुळे वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. डोळे बारीक करून बघणं, टीव्हीच्या जवळ सरकणं, फळ्याऐवजी शेजारच्याच्या वहीतून उतरवणं, चेंडू उशिरा दिसणं, याही खुणाच आहेत. मूल सतत डोळे चोळत असेल आणि सिलिंडरचा नंबर वाढत असेल, तर बुबुळाचीही तपासणी करून घ्या.

उजेडाचे दोन तास

नंबर उशिरा लागावा यासाठी पालकांच्या हातात असलेला सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे दिवसाउजेडी घराबाहेर घालवलेला वेळ. चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जादा मैदानावर नेलं गेलं. तीन वर्षांनी त्या शाळांत ३०.४ टक्के मुलांना नवा नंबर लागला होता, बाकीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना. तैवानने २०१० पासून शाळांतून रोज १२० मिनिटं बाहेर राहण्याचा कार्यक्रम राबवला आहे. ज्यांच्या घराण्यात नंबर आहे, त्या मुलांनाही याचा फायदा होतो, असं ओरिंडातल्या मुलांवरच्या २००७ च्या अहवालात दिसलं.

कारण बहुधा उजेडात आहे. घरातल्या दिव्याखाली ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो, बाहेर दहा हजारांहून कितीतरी जास्त. तेजस्वी प्रकाशात पडद्यातून डोपामिन स्रवतं आणि ते डोळ्याच्या लांबण्याला आवर घालतं, असं मानलं जातं. उन्हात करपण्याची गरज नाही. झाडाच्या सावलीत, टोपी घालून, ढगाळ दिवशीही घरापेक्षा कैकपट उजेड मिळतो.

रावेतच्या दिनक्रमात यातली मुख्य अडचण वेळेची आहे. शाळा, बस, मग क्लास, आणि सोसायटीच्या आवारात मुलं उतरतात ती साडेसहा-सात वाजता. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. दिव्यांच्या झोतात खेळलेला तास व्यायामासाठी चांगला, पण डोळ्यांच्या हिशेबात तो जवळजवळ धरता येत नाही. म्हणून क्रम उलटा करा: आधी खेळ, मग क्लास. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याची सूचना दिली आहे. तुमच्या शाळेत ती पाळली जात असेल, तर सकाळचा अर्धा तास खाली चालण्यासाठी, सायकलीसाठी राखा. बसची वाट बंद गाडीत न बघता झाडाखाली बघा. शाळेत मधल्या सुट्टीत मुलांना मैदानावर सोडतात की वर्गातच डबा खायला बसवतात, हे पालक सभेत विचारा, आणि चार पालक मिळून विचारा.

दोन तास सलग मिळायला हवेत असं नाही. सकाळी अर्धा, शाळेत अर्धा, संध्याकाळी एक, असे जुळतात. रोज जमलं नाही तर रविवारची भर घाला. निगडीची दुर्गा टेकडी आणि भक्ती-शक्ती उद्यान जवळ आहे, थोडं पुढे घोरावडेश्वराचा डोंगर आहे. बाल्कनीतलं बसणं मात्र बाहेर जाण्याइतकं धरू नका. खिडकीपासून आत सरकलं की प्रकाश झपाट्याने कमी होतो.

वही, पुस्तक आणि मोबाईल

मुलांचं वाचन तोडू नका. वाचन कसं होतं, तेवढं बघा. पुस्तक डोळ्यांपासून साधारण कोपर ते मुठीएवढ्या अंतरावर असावं. आडवं पडून, नाकाला लावून वाचणं टाळावं. अर्ध्या तासाने उठून मिनिटभर खिडकीबाहेर लांब बघावं. मोबाईल सर्वांत जवळ धरला जातो, म्हणून बघायचंच असेल तर टीव्हीचा मोठा पडदा बरा. जेवताना आणि झोपण्याआधी मोबाईल नको, हा नियम मोठ्यांनीही पाळावा. घराण्याकडून मुलाकडे जनुकांबरोबर घरातल्या सवयीही येतात, आणि सवयी बदलणं आपल्या हातात आहे.

नंबर लागलाच तर

सगळं करूनही नंबर लागू शकतो. त्यात मुलाचा दोष नाही आणि तुमचाही नाही. पूर्ण नंबराचा चष्मा द्या आणि नियमित वापरायला लावा. ‘चष्मा लावला की नंबर वाढतो’ हा गैरसमज आहे. मुद्दाम कमी नंबर दिल्याने वाढ थांबत नाही. मलेशियातल्या २००२ च्या एका प्रयोगात ती उलट वेगाने झाली. गाजर, जाहिरातींतले थेंब, डोळे फिरवण्याचे व्यायाम यांनी लांबलेला डोळा आखूड होत नाही.

वाढीचा वेग कमी करणारे उपचार आज आपल्याकडे मिळतात. अत्यंत सौम्य मात्रेचे अ‍ॅट्रोपिनचे थेंब रात्री टाकले जातात. भारतीय मुलांवर झालेल्या चाचणीत ०.०१ टक्के थेंबांनी वर्षभरातली वाढ ०.३५ वरून ०.१६ नंबरावर आली. कडेने खास रचना केलेल्या चष्म्याच्या काचा मिळतात. हाँगकाँगमधल्या दोन वर्षांच्या चाचणीत अशा एका काचेने वाढ निम्म्याने कमी केली. खास कॉन्टॅक्ट लेन्सही आहेत. कोणता उपचार, किती काळ, हे वय, वाढीचा वेग, खर्च आणि घराण्याची नोंद बघून नेत्रतज्ज्ञच ठरवतील. थेंब दुकानातून स्वतःहून आणू नका, आणि सुरू केलेले एकदम बंद करू नका.

नंबर लागल्यावर दर सहा महिन्यांनी तपासणी हवी. वाढ साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी थंडावते, काहींची विशीपर्यंत चालते. नंबर वयाच्या पाच वर्षांच्या आत लागला, वर्षाला एकाहून जास्त वाढला, किंवा घरात कुणाचा पडदा सुटला असेल, तर मागचा पडदाही नीट तपासून घ्या. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके, विजेसारखे लखलखाट किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखं दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

या रविवारी दोन्हीकडच्या आजी-आजोबांना फोन करा आणि नोंदीचा कागद पूर्ण करा. पुढच्या सोमवारपासून क्लास अंधार पडल्यानंतरच्या वेळेत घेता येतो का, ते बघा. मूल पहिलीत जाण्याच्या वयाचं असेल, तर थेंब टाकून तपासणीची तारीख याच महिन्यात घ्या. घराण्याने जोखीम दिली असली, तरी तिला उशीर लावण्याची वर्षं आत्ता, मूल लहान असतानाच तुमच्या हातात आहेत.